पारूचे डोळे आणि माझे

डॉक्टरसाहेबांनी माझ्या पापणीवरचं बोट काढलं, हात धुतले आणि विचारलं, "जेवता काय?"

मी म्हणालो, "भाकरी."

"भाकरीसोबत?"

मला चटकन आठवेना. "वरण," मी म्हणालो. "कधी गूळ."

"दूध? पालेभाजी?"

मी नाही म्हणून मान हलवली. मला जे झालं होतं त्याला ते निक्टॅलोपिया म्हणाले. म्हणजे रातांधळेपणा. दिवसा सगळं लख्ख दिसतं आणि दिवस कलला की माणूस पाण्यात बुडाल्यासारखा होतो. डोळ्यांना लागतं ते पोटात गेलं नाही की असं होतं, पण खाणं सुधारलं तर नजर परत येईल, असं त्यांनी सांगितलं. मला इतकं हलकं वाटलं की नमस्कार करून मी निघालोच.

साहेब दुसऱ्या रोग्याला बोलवायला दारापर्यंत आले. बाहेर ओसरीवर माझी पारू बसली होती. आठ वर्षांची. बीडला माल आणायला जातोय एवढंच मी तिला सांगितलं होतं, आणि गाडीत बसायला मिळतंय म्हणून ती पालीहून माझ्याबरोबर आली होती. साहेब तिच्यापाशी थांबले. तिची हनुवटी धरून त्यांनी तोंड उजेडाकडे वळवलं. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा डाग होता. तो मी पाहिला होता. चिपडं समजून धोतराच्या सोग्यानं पुसलाही होता. तो पुसला जात नव्हता.

"बेटा, सांज झाल्यावर दिसतं का तुला?"

पारूनं मान हलवली. "न्हाई. पर अप्पाला दिसतंय. मी त्यांचा हात धरते."

ज्यांच्या घरातली बाई गेली आहे आणि मागे लहान लेकरू आहे, त्यांच्यासाठी मी हे म्हातारपणी लिहून ठेवतोय. तेव्हा निजामाची अमदानी होती. मी लिंगायत, पालीत माझं किराण्याचं लहानसं दुकान. पारूची आई गंगा त्याआधी आठ महिने तापानं गेली. म्हैस तिच्याच हाताला सवकलेली होती. मला ती जवळ येऊ देईना, म्हणून मी ती विकली. परसातल्या शेवग्याकडे कुणी पाहिलं नाही. सकाळी मी भाकऱ्या थापायचो, त्याच रात्रीही खायच्या. पारूनं कधी तक्रार केली नाही, आणि मला वाटायचं, चाललंय.

खरं सांगायचं तर मला नजर जाणं सुरुवातीला वाईट वाटलंच नाही. सांजेला मी हातावर लिंग घेऊन पूजेला बसायचो. तळहातावरचं काळं लिंग हळूहळू विरघळायचं, मग तळहात, मग समोरची भिंत. बेलाचा वास तेवढा राहायचा. त्या अंधारात गंगा घरात वावरते आहे असं वाटायचं. भांड्याचा आवाज यायचा, तो पारूचा असायचा. मी तसाच बसून राहायचो. आता कळतं की तो आजार होता. तेव्हा ती मला विश्रांती वाटत होती.

दवाखान्यात जायची वेळ आली ती बिंदुसरा नदीमुळे. पलीकडच्या मळ्यातून परत येताना आम्हाला उशीर झाला. पारूनं माझा हात धरला होता. मला वाटलं, पोरगी नेतेय मला. वाट कुठं संपली कळलं नाही. पाय गार पडले, मग गुडघे, आणि पारू म्हणाली, "अप्पा, आज वाटंत पानी हाय." तिच्या आवाजात जराही भीती नव्हती. काठावरून कुणीतरी गुराखी ओरडला, "कुठं निघालास बे? पुढं डोह हाय." त्यानंच आम्हाला बाहेर ओढलं आणि घरापर्यंत सोडलं. दुसऱ्याच दिवशी मी गाडी जुंपायला सांगितली.

मी तिच्या भरवशावर होतो आणि ती माझ्या. हे मला दवाखान्याच्या ओसरीवर कळलं.

डॉक्टरसाहेब हैदराबादचे होते, सावकाश बोलायचे. ते म्हणाले, "तुमचं एक वेळ थांबेल. हिचं थांबणार नाही. डावं बुबुळ सुकायला लागलंय." त्या दुखण्याचं नाव त्यांनी झेरॉफ्थॅल्मिया सांगितलं. डोळा कोरडा पडत जातो, बुबुळाला जखम होते, आणि मग डोळा जातो. एक जातो, तसे दोन्हीही जातात.

त्यावर औषध होतं. पिवळ्या तेलाची बाटली. "कॉड लिव्हर ऑइल," ते म्हणाले, आणि माझ्या गळ्यातल्या लिंगाकडे बघून हळू आवाजात पुढं बोलले, "माशाच्या यकृताचं तेल आहे. तुमच्यात चालत नाही, ठाऊक आहे मला."

"दुसरं काही?"

"तुमच्यासाठी आहे. दूध, लोणी, हिरवा पाला. महिना-दोन महिने लागतील. तिच्याकडे तेवढे दिवस नाहीत."

ते आत गेले. मी बाटली हातात घेऊन ओसरीवर बसून राहिलो. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. समोर लिंबाखाली रोगी बसले होते, कुणी कण्हत होतं, कुणी फडक्यात बांधलेली भाकरी खात होतं. मला ते सगळं लांबून, झोपेत बघितल्यासारखं दिसत होतं. पारू माझ्या मांडीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "अप्पा, गंगाळात पानी गरम केल्यावर आईचं तोंड दिसायचं न्हाई, तसं होतंय का तुमाला?" वाफेतून दिसेनासं होतं, तसं. म्हणजे तिला तसं दिवसासुद्धा होत होतं. मी उठलो.

पहिल्या चमच्यालाच तिनं तोंड फिरवलं. वास उग्र होता. कंपाउंडर म्हणाला, धरा तिला, नाक दाबा. माझ्यानं ते होईना. जे मी तोंडाला लावणार नाही ते तिच्या घशात कसं ओतू? मी गळ्यातलं लिंग वस्त्रात गुंडाळून डोळ्यांना लावलं, चमचा भरला आणि स्वतः प्यालो. पारू माझ्याकडे बघत राहिली.

"तुमी नका घेऊ," ती म्हणाली. "तुमास्नी चालत न्हाई. मी घेते." आणि तिनं घेतलं. नंतर एकदाही खळखळ केली नाही.

साहेबांनी आम्हाला ठेवून घेतलं. डाव्या डोळ्यावर पट्टी बांधली. रोज सकाळी ते पट्टी सोडायचे, औषधाचे थेंब घालायचे, बघायचे आणि काही न बोलता पुन्हा बांधायचे. ते न बोलणं फार जड जायचं. दुपारी पारू झोपायची, मी तिच्या उशाशी बसून पापण्यांखाली हलणारे डोळे बघायचो. तिसऱ्या दिवशी उजव्या डोळ्यातला फेस कमी दिसला. पाचव्या दिवशी दिवेलागणीला ती खाटेवर उठून बसली आणि म्हणाली, "त्या बाईच्या हातात कंदील हाय." मला कंदील धुरकट पिवळा डाग दिसत होता. बाई दिसत नव्हती.

दहाव्या दिवशी पट्टी सुटली. साहेब म्हणाले, "डोळा वाचला. बुबुळावर एक पांढरा ठिपका राहील. तो जाणार नाही." मी त्यांचे पाय धरायला वाकलो तर त्यांनी खांद्याला धरून उभं केलं. "घरी जाऊन जेवा," ते म्हणाले. "दोघंही."

पालीत परत आल्यावर मी आधी आमच्या जंगमस्वामींकडे गेलो. तेल कशाचं होतं, ते मी स्वतः प्यालो, पोरीला पाजलं, सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "पोरीला दिसतंय?" मी म्हणालो, "दिसतंय." "मग मला कावून विचारतो?" ते म्हणाले आणि पारूच्या कपाळाला भस्म लावलं. भावकीतल्या काही जणांनी पुढं बरेच दिवस आमच्या घरचं पाणी घेतलं नाही. ते मी सोसलं.

राहिला प्रश्न स्वयंपाकाचा. शेजारी सोजरबाई होत्या, मांस खाणाऱ्या शेतकऱ्याच्या घरातल्या. आमच्या चुलीपाशी त्यांना येता यायचं नाही, आणि ते त्याही जाणून होत्या. म्हणून त्या परसदारात उभ्या राहायच्या. "म्या सांगते, दादा, तुमी हात चालवा. पाला लई शिजवू नका. उलीसं लोणी सोडा वरनं." मी शेवग्याचा पाला ओरबाडायला शिकलो, तांदुळजा निवडायला शिकलो. पहिल्या दिवशी भाजीत माती राहिली. पारूनं ती तशीच खाल्ली, मग मला स्वतःचाच राग आला आणि दुसऱ्या दिवशी मी तीन पाण्यांनी धुतली. दुसरी म्हैस आणली. तिनं मला लाथा मारल्या, आणि हळूहळू मारायचं थांबवलं.

त्या महिन्यांत पारू मला सांज सांगायची. जेवायला आम्ही दिवस बुडताना बसायचो. ती म्हणायची, आता वटवाघळं निघाली, आता सोजरमावशीनं दिवा लावला, आता चांदणी आली, देवळाच्या वर हाय. मी तिच्या आवाजाच्या दिशेनं बघायचो आणि मला निळसर धूर दिसायचा. पण तो धूर आता मला गोड वाटत नव्हता. मला त्यातून बाहेर यायचं होतं.

डॉक्टरसाहेबांची पुढं बदली झाली. त्यांना मी पुन्हा भेटू शकलो नाही, म्हणूनही हे लिहितोय. दुःखात माणूस स्वतःचं खाणं सोडतो तेव्हा त्याला वाटतं की ते त्याचं एकट्याचं आहे. तुमच्या ताटात काय आहे ते लेकराच्या ताटात आहे, एवढं बघा. सांजेला त्याला विचारा, काय दिसतंय.

दोन महिन्यांनी, चाकवताची भाजी केली होती त्या दिवशी, आम्ही असेच बसलो होतो. दिवा अजून लावला नव्हता. पारू मान खाली घालून जेवत होती. वटवाघळांचं सांगायचं ती विसरली होती, भूक लागली असावी.

मी म्हणालो, "हनुवटीला भाजी लागलीय, पूस."

तिनं हात वर नेला आणि तो तसाच राहिला. "अप्पा," ती म्हणाली, "तुमाला दिसलं?"