एका मोबाईलचा एकच हात

मित्रांनो, आज आमची ग्रामसभा पहिल्यांदाच मोबाईलवर झाली. पाण्याची नवी टाकी मोठ्या गावात बांधायची की आमच्या पाड्यावर, हे ठरायचं होतं.

पाड्यावरचे बहुतेक जण भिवंडीला कामावर आहेत, त्यांच्यातलं कुणी सभेला आलंच नाही. रेंज फक्त टेकडीवरच्या देवळापाशी मिळते. तिथे मी आणि शेजारची कमळीमावशी जाऊन बसलो.

"एवढ्याशा डब्यात अख्खी सभा मावली व्हय रं?" मावशी हसली.

"टाकी पाड्यावर हवी असेल त्यांनी हात वर करा," सरपंच म्हणाले. मावशीने माझ्याआधी हात वर केला. मी ओरडून सांगितलं, "इथे आम्ही दोघं आहोत!"

"एका मोबाईलवरून एकच हात धरतोय, भाऊ," ग्रामसेवक म्हणाले.

टाकी मोठ्या गावात मंजूर झाली.

"माझा हात धरला ना त्यांनी?" मावशीने विचारलं.

देवाच्या दारात खोटं कसं बोलू? नाही म्हणालो; मोबाईल माझा, म्हणून एक हात माझाच धरला होता. ती सोबत आणलेला हंडा उचलून झऱ्याकडे उतरली.

तुमच्याकडे मोबाईल नसलेल्यांचे हात कसे मोजतात? मला पंचायतीत जाऊन सांगायचं आहे, आणि सोबत यायला पाड्यावर मावशीशिवाय कुणी नाही.