खरकट्याचा अभ्यास

माझी मुलगी खरकट्यावर पीएचडी करते. हे मी पहिल्यांदा साताऱ्याला फोनवर सांगितलं, तेव्हा माझी बहीण "आवाज नीट येत नाहीये," म्हणाली आणि तिने फोन ठेवून पुन्हा लावला. मी पुन्हा तेच सांगितलं.

कागदावर विषयाचं नाव लांबलचक आणि भारदस्त आहे. अर्थ एवढाच, की प्राचीन इजिप्तमधली साधी माणसं मडक्यांत काय शिजवत होती, ते मडक्यांच्या मातीत मुरलेल्या तेला-चरबीवरून ओळखायचं. एकदा ती मला म्युझियमला घेऊन गेली होती. राजांच्या सोन्यापुढे रांग होती. स्वयंपाकाच्या मडक्यांच्या कपाटापुढे आम्ही दोघीच. तपकिरी, गोल बुडाची, काजळी धरलेली मडकी. "आई, लुक, हे कुणी घासलंच नाही," ती आनंदाने म्हणाली. मला त्या हजारो वर्षांपूर्वीच्या बाईची लाज वाटली.

याला माझी नोकरीही कारणीभूत आहे. इथे अमेरिकेत, कॅरी गावाजवळच्या एका औषधाच्या कारखान्यात टाक्या धुतल्यावर त्या खरोखर स्वच्छ झाल्या का, हे मी तपासते. बोळ्याने टाकी आतून पुसायची, बोळा लॅबमध्ये द्यायचा, आधीच्या औषधाचा अंश सापडला की टाकी नापास. वीस वर्षं हेच करतेय. त्याआधी आईच्या हाताखाली बिनपगारी हेच केलं. सकाळी ओट्यावर रात्रीचं खरकटं भांडं दिसलं, की आई आधी घरात कोण आजारी आहे ते विचारायची.

त्यामुळे मुलीने विषय सांगितला तेव्हा मी म्हणून गेले, "भांडी न घासायला पाच वर्षं युनिव्हर्सिटी कशाला लागते?" त्यानंतर दोन महिने तिने माझा फोन घेतला नाही. ते दोन महिने मला फार जड गेले. ती पुन्हा बोलायला लागली ती गॅरेज मागायला, म्हणून मी गॅरेज लगेच दिलं.

जुन्या मडक्यांशी ताडून पाहायला तिला स्वतःची मडकी हवी होती. नाईलचा गाळ कुठून आणणार? तिने इथलीच लाल माती चाळली, त्यात पेंढा बारीक कापून मळला आणि नऊ मडकी भाजून घेतली. तिनांत गहू, तिनांत मसूर, तिनांत मासे. वर्षभर दर रविवारी शिजवायचं, ओतून टाकायचं आणि मडकं न धुता ठेवायचं. शेवटी मडकी फोडून तुकडे लॅबला पाठवायचे. तिच्या अपार्टमेंटमधल्या मैत्रिणींनी दुसऱ्याच रविवारी हात जोडले होते. आमच्या घरात मासे शिजत नाहीत. गॅरेजमध्ये शिजू लागले. नवरा गाडी बाहेर लावू लागला.

"आई, प्रॉमिस कर. धुवायचं नाही. रिन्ससुद्धा नाही."

"मी कुठे हात लावतेय?"

"यू आर लुकिंग अ‍ॅट इट."

मी बघत होते हे खरं होतं.

अकरा महिने मी नुसतं बघितलं. मग एका रविवारी तिने एक मडकं निवायला स्वयंपाकघरात आणून ठेवलं आणि कुणाचा तरी फोन आला म्हणून तशीच कॅम्पसवर पळाली. मी सिंकपाशी होते. कानाला बहीण होती, भाच्याच्या साखरपुड्याला कोणाकोणाला बोलवायचं ते सांगत होती. मध्येच ती म्हणाली, "काय गं एवढं खसाखसा घासतेयस?"

"मडकं," मी म्हटलं, आणि नळ बंद केला.

सात नंबर. माशाचं. झिलई नसलेली माती ती, साबणाचं पाणी गटागटा प्यायली होती. आतला काळा थर पार निघून गेला होता. घासलं मात्र सुरेख होतं.

प्रत्येक पदार्थाची निदान तीन मडकी हवीतच, असं तिच्या गाइडने बजावलं होतं. सात नंबर बाद म्हणजे मासे बाद, आणि मासे पुन्हा शिजवायचे म्हणजे आणखी एक वर्ष. प्रबंध मे महिन्यात द्यायचा होता. धुतलेल्या मडक्यात एक मासा करपवून गप्प बसावं, असंही मनात आलं. पण आमच्या कारखान्यात नोंद लपवणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवतात. मी टेबलाशी बसून कामावर लिहिते तसा रीतसर रिपोर्ट लिहिला. काय घडलं: भांडं क्रमांक सात साबणाने धुतलं. किती वेळ: बहिणीचा फोन संपेपर्यंत. मूळ कारण: धुणारीला लहानपणी लागलेलं वळण. उपाय: सुचत नाही. खाली सही केली.

संध्याकाळी तिने तो उभ्याउभ्याच वाचला.

"यू साइन्ड इट," ती म्हणाली.

"चुकलं माझं."

"आय नो, आई."

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. महिनाभराने तिने नऊही मडकी फोडून तुकडे लॅबला पाठवले. गॅरेज रिकामं झालं, गाडी आत आली, आणि तिचे फोन बंद झाले. मी लावला की "बिझी आहे" असा मेसेज यायचा. हे दोन महिन्यांवर थांबणार नाही, अशी मला भीती वाटत होती.

सहाव्या आठवड्यात, मी कामावर असताना, तिचा फोन आला.

"आई, रिझल्ट आला. सेव्हनमध्ये फिश आहे. आठ आणि नऊमध्ये आहे तेवढंच."

"आणि साबण?"

"साबण पण आहे. पण तो वेगळा ओळखू येतो. फिश मातीच्या आत गेलंय, तुझी घासणी तिथपर्यंत पोचलीच नाही." मग ती म्हणाली, "आई, तू नीट घासलंच नाहीस."

ती हसत होती.

"तुझा रिपोर्ट मी थीसिसच्या शेवटी जोडतेय," ती म्हणाली. "नाव काढू का?"

"सही आहे तशी राहू दे," मी म्हटलं.

मग पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले आणि मनसोक्त रडले. तोंड पुसून आत आले आणि एक टाकी नापास केली.