कोठीतली ओल

ज्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीनं कुंड्यांना पाणी घालायला बंदी केली, त्याच उन्हाळ्यात मी घरात माती भरून तिच्यात भाजी लावायचं ठरवलं. लपून. हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. आता सांगतो, कारण ज्यांच्यापासून लपवायचं होतं त्यांतलं कुणीच आता विचारत नाही.

लागोपाठचे पावसाळे कोरडे गेले होते. आमच्या गारखेडा भागात नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नव्हता, सगळं टँकरवर चाललं होतं. आणि शहर मात्र फुगत होतं. मी एका आर्किटेक्टकडं नकाशे काढतो. त्या दिवसांत आमच्या ऑफिसात मान वर करायला सवड नव्हती. बायपासच्या दोन्ही अंगांना मजले चढत होते. प्लॉटवर आधी बोअर पडायचं, ते कोरडं निघालं की शेजारी दुसरं. मी खोल्या आखायचो, खिडक्या आखायचो, हवा कुठून आत येईल आणि कुठून बाहेर जाईल ते बाणानं दाखवायचो. माझं कामच ते. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे याला कळत नसेल असं कुणी म्हणायला नको.

अक्का त्याच वर्षी आमच्याकडं आली. माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला अक्कानंच वाढवलं. फुलंब्रीच्या अलीकडं गावात ती एकटी राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. कितीतरी वर्षं ती जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात कामाला होती. तिथल्या धुळीनं छाती धरलेली. गावातली विहीर आटली, हातपंपातून नुसती हवा यायला लागली, तेव्हा मी जाऊन तिला घेऊन आलो. आमची मुलगी पुण्याला शिकायला होती, तिची खोली अक्काला दिली.

अक्काला शहरात करायला काही नव्हतं. पलंगावर बसून समोरच्या बिल्डिंगकडं बघायची.

"तुमच्या खिडकीतून काय दिसतं, तं दुसऱ्याच्या संडासाचा पाइप," असं म्हणून स्वतःच हसायची, आणि हसता हसता खोकायची.

तंबूची कल्पना मला मोबाइलवर व्हिडिओ बघताना सुचली. परदेशात लोक घराच्या कोपऱ्यात कपाटाएवढा तंबू उभा करतात. आतून चंदेरी अस्तर, वर दिवे, खाली कापडी पिशव्यांत माती. रासायनिक खत नाही, औषध नाही. मातीतले जीवच झाडाला जेवू घालतात. तयार तंबू मागवणं परवडणारं नव्हतं. मग ठरवलं, आपणच बनवू. ऑफिस सुटल्यावर मागं थांबून मी जुन्या सवयीनं हातानं त्याचा नकाशा काढला. सांगाडा नळाच्या पाइपांचा. अस्तराला साइटवर उरलेली छताखालची चंदेरी शीट. दिवे उस्मानपुऱ्यातल्या एका दुकानात खोकं फाटलं म्हणून पडून राहिलेले. पंखा आमच्याच स्वयंपाकघरातला जुना एक्झॉस्ट. जागा कोठीची, स्वयंपाकघर आणि अक्काची खोली यांच्या मधली. कोठीला बाहेरची खिडकी नाही, त्यामुळं उजेड कुणाला दिसणार नव्हता. अक्कासाठी करतोय, असं मी बायकोला सांगितलं. खरं तर आयुष्यभर दुसऱ्यांची घरं आखून झाल्यावर मला माझं असं काहीतरी उगवून बघायचं होतं.

एकच गोष्ट स्वस्तात बसेना. व्हिडिओतला प्रत्येक माणूस बजावायचा, तंबूतली हवा कोळशाच्या गाळणीतून काढा आणि पाइपानं घराबाहेर सोडा. गाळणी महाग. घराबाहेर सोडायचं तर बाहेरच्या भिंतीला भोक पाडायचं, त्यासाठी सेक्रेटरीला विचारायचं, आणि विचारलं की झाडांना पाणी कुठलं घालता हे आलंच. कोठीला वर एक झरोका होता, अक्काच्या खोलीत उघडणारा. मी पाइप तिकडं वळवला. कागदावर तो बाण काढताना हात थबकला होता. मग पेन्सिलीच्या रेघेवरून पेन फिरवला.

मातीसाठी रविवारी गावी गेलो. अक्काच्या पडीक शेतातली काळी माती घेतली, उकिरड्यातलं अर्धकच्चं शेणखत घेतलं. माती वाळू नये म्हणून वरून अंथरायला पालापाचोळा हवा होता. त्या साली कडब्याची पेंढी कुणी हाताला लागू देत नव्हतं. अक्काच्या एका शेजाऱ्यानं गोठ्यामागची गंजी दाखवली. कुठल्याशा अवकाळी पावसात भिजलेली आणि आतून काळी पडलेली.

"ही न्या सगळी, फुकट," तो म्हणाला. "जनावरं तोंड लावंनात."

"उपाशी असून?"

"उपाशी हायेत म्हणून तं सांगतो. बैलानं हुंगलं आन् मागं सरला. न्या, माझी तेवढी जागा मोकळी व्हईल."

मी पोती भरली. गाडीत टाकताना राखी-हिरवी धूळ उठली, मला शिंकांवर शिंका आल्या. त्याचा मी विचार केला नाही असं लिहिणार होतो. केला होता. फुकट मिळतंय, एवढाच तो विचार होता.

तंबू उभा राहिला. बायको कोठीच्या दारात कमरेवर हात ठेवून बघत होती.

"अहो, माणसाला आंघोळीला अर्धी बादली आणि मेथीला पूर्ण?"

"तुझ्या वाट्याचं नाही घेत. माझ्या वाट्याचं."

"घ्या की. फक्त मग माझ्याशेजारी बसून जेवू नका."

अक्का मात्र हरखली. पाण्यावाचून त्या वर्षी कुणाकडंच कूलर चालू नव्हता. मी मातीला पाणी घातलं, पंखा लावला, आणि झरोक्यातून तिच्या खोलीत गार, ओली हवा उतरली. तिनं मला पलंग ओढून बरोबर झरोक्याखाली घ्यायला लावला.

"लई गार लागतंय रं. रानात पाणी सोडल्यावानी वास येतो."

"सोसायटीत कुणाला बोलू नकोस, अक्का."

"मी कशाला बोलू? मी काय तुझी दुश्मन हाय?"

थोड्याच दिवसांत मातीवर पांढरं जाळं धरलं. व्हिडिओत म्हणायचे, हे चांगलं लक्षण, माती जिवंत झाली. कोथिंबीर आली, मेथी आली. अक्का जेवताना ताटातली कोथिंबीर आधी हुंगायची. मग जाळ्यावर हिरवट-काळी पूड दिसायला लागली. एकदा पंखा पुसायला काढला, तर पात्यांवर तीच पूड बसलेली. पाइपात बोट घातलं, तर बोट हिरवं. फडकं बादलीत पिळलं आणि ते पाणी पुन्हा पिशव्यांत ओतलं. पाणी वाया घालवायचं नव्हतं.

अक्काचा खोकला तोवर वाढला होता. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. अंगात बारीक ताप. थुंकीत तपकिरी गाठी पडायला लागल्या तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टर वयस्कर होते, घाईत होते. छातीचा फोटो बघितला, जिनिंगचं ऐकून मान डोलावली. लिहिता लिहिता विचारलं,

"घरात कुठं ओल आहे का? बुरशी वगैरे?"

मागं बाकावर आमच्याच बिल्डिंगमधल्या एक बाई नंबर लावून बसल्या होत्या. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, प्यायला पाणी नाही, ओल कुठून आणू?"

डॉक्टर हसले. बाकावरचे पेशंट हसले, त्या बाईही हसल्या. "तेही खरंच म्हणा," म्हणून डॉक्टर पुढचं लिहायला लागले. त्या साली या शहरातल्या एखाद्या घरात ओल असेल हे कुणालाच पटलं नसतं. माझं खोटं इतकं सहज खपलं, की मला स्वतःच्या हजरजबाबीपणाचं क्षणभर कौतुक वाटलं. बाई होत्या म्हणून खोटं बोललो असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. पण संध्याकाळी त्या नव्हत्या. संध्याकाळी मी डॉक्टरांकडं गोळ्या कशा द्यायच्या ते विचारायला एकटाच गेलो होतो, आणि गोळ्यांचंच विचारून परत आलो.

अक्काला दाखल करावं लागलं. ती दवाखान्यात असताना मी तंबू उतरवला, पंखा काढला, पिशव्या तोंडं बांधून कोपऱ्यात लावल्या. ती घरी आली तेव्हा खोकला निम्म्यावर होता. पुढचे काही दिवस आणखी कमी झाला. आता शंकेला जागा नव्हती. मला कळलं होतं.

अक्कानं झरोक्याकडं बघितलं. "आरं, तंबू कुठं गेला?"

"काढून टाकला. कटकट होती."

"कोणी बोललं व्हय तुला?"

"नाही गं."

"मग माझ्या दवाखान्यापायी काढला असशील." ती भिंतीकडं तोंड करून पडली. "तुमच्या शहरात तेवढीच एक जागा गार होती मला."

त्या दिवशी ती नीट जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मला फक्त एवढं सांगायचं होतं, अक्का, त्याच हवेनं तू आजारी पडलीस. पण ते सांगितलं की ती विचारणार, मग डॉक्टरला का नाय सांगितलंस? त्या प्रश्नाला भिऊन मी तंबू पुन्हा उभा केला, मेथी पुन्हा पेरली. वरचा कडबा काढून टाकू, पाणी कमी घालू, झरोक्याला ओलं फडकं बांधू, असं मनाशी ठरवलं. फडकं बांधलं. आठवडा व्हायच्या आत ते काळं पडलं. आणि बघावं तेव्हा अक्कानं ते काठीनं बाजूला सारलेलं असायचं, हवा अडते म्हणून.

बायको म्हणाली, "अक्कांना हॉलमध्ये झोपवू या का? त्या खोलीत त्यांना जास्त त्रास होतो असं वाटतं मला."

"तिलाच आवडतं तिथं," मी म्हणालो. आणि हे खरं होतं.

दुसऱ्या वेळी थुंकीत रक्त आलं. तिला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, एकेक गोष्ट शांतपणे विचारणाऱ्या.

"घरात ओल? कुजलेला पाला, जनावरांचा चारा, असं काही? आठवून सांगा."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात अक्कानं नाकातोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क हातानं वर केला.

"नाय ओ बाई. आमच्या घरी कुठली आली ओल? दुष्काळ हाय."

एवढं बोलायला तिला मध्ये थांबावं लागलं. मग तिनं माझ्याकडं बघितलं. पाण्याचं विचारताहेत, म्हणजे भावाची चोरी उघडी पडणार, असं तिला वाटलं होतं. ती मला वाचवत होती. तिच्या चेहऱ्यावर थोडी ऐटही होती, बघ कसं झाकलं, अशी. मी तोंड मिटलं. डॉक्टरबाई पुढच्या पलंगाकडं गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना जिन्यात गाठलं आणि सांगितलं. तंबू, कडबा, पूड, झरोका. त्या पायरीवरच थांबून ऐकत राहिल्या.

"काल का नाही बोललात?"

मी पुन्हा कडब्याचंच सांगायला लागलो.

"आणि आधीच्या डॉक्टरांनी? त्यांनी हे विचारलंच नव्हतं?"

"नाही," मी म्हणालो.

त्या म्हाताऱ्या डॉक्टरांचं नाव मी असं खराब केलं, तेही जिन्यात उभ्या उभ्या, काहीही गरज नसताना. बाई तशाच वॉर्डात परतल्या. औषध बदललं, बुरशीवरचं सुरू केलं. हेच औषध आधी सुरू व्हायला हवं होतं, आता बघू, म्हणाल्या. मी हात जोडले, एवढं तिला कळू देऊ नका. त्यांनी कळू दिलं नाही. अक्का शेवटच्या दिवसापर्यंत मला मेथीचं विचारत होती, जून व्हायच्या आत काढ म्हणत होती. मी काढतो म्हणायचो. तोवर मी सगळं उपटून, पिशव्या बायपासपलीकडं एका साइटच्या खड्ड्यात टाकून आलो होतो. औषधाला पाच-सहा दिवस मिळाले. त्याला जास्त हवे होते.

दहाव्याला गावी माणसं जमली. जिनिंगनं खाल्लं तिला, असं जो तो म्हणत होता. मी मान हलवत होतो. तिच्याबरोबर जिनिंगला कामाला जाणारी एक बाई बायकांच्या घोळक्यातून उठून माझ्यासमोर येऊन बसली. तिलाही खोकला होता, बोलताना पदर तोंडाशी धरायची.

"भाऊ, डॉक्टरीणबाई बी जिनिंगचंच म्हणल्या का? खरं सांगा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझी बायकोही.

"हो," मी म्हणालो. "तेच म्हणाल्या."

ती पदर तोंडाशी धरून पुन्हा बायकांत जाऊन बसली. पुढच्या हंगामाला ती कामावर गेली नाही, हे मला नंतर कळलं. त्या घरात दुसरं मिळवतं कुणी नव्हतं.