हिरडीतली करडी रेघ

पाथरीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. एका बाजूला खिळे, नट-बोल्ट, कड्या, बिजागऱ्या; दुसऱ्या बाजूला वॉश-बेसिन, कमोड, फरशा. म्हणजे डाव्या हाताला धातू अन् उजव्या हाताला चिनी माती. पस्तीस वर्षं हेच विकतोय, त्यामुळं कुठं काय टिकतं ते मला कुणी शिकवायचं नाही, हा माझा तोरा. गिऱ्हाईकानं एक वस्तू मागितली तर मी आधी विचारणार, कशाला पाहिजे? अन् मग त्यानं मागितलेली सोडून मला बरोबर वाटते ती देणार. लोक म्हणायचे, मालक तोंडाचा फटकळ हाय, पण माल गलत देत न्हाई. या एका वाक्यावर मी जन्मभर फुगत राहिलो.

बायको माझ्या उलट. हसायला लागली की आवरायचीच नाही. हसताना वरची हिरडीसुद्धा दिसायची. मी तिला बघायला गेलो होतो तेव्हा माझी आत्या परत येताना म्हणाली, पोरगी चांगली हाय, पण हसती लय, तोंड फाकून. मला नेमकं तेच आवडलं होतं. हे मी तिला कधी सांगितलं नाही. आमच्याकडं नवऱ्यानं बायकोला असलं काही सांगायची रीत नाही, अन् असती तरी मी सांगितलं नसतं, एवढा मी शहाणा.

दर सोमवारी महादेवाच्या देवळात बायकांचं भजन असायचं. आमच्या लिंगायत समाजाच्या पंधरा-वीस बायका, अन् पुढं ही. ही ओळ सांगायची, बाकीच्या मागून झेलायच्या. गळा काही फार गोड नव्हता, पण खणखणीत होता. मी दुकानातून येताना देवळाच्या मागच्या बोळात उगीच मोटारसायकल थांबवून पानपट्टीवर सुपारी घ्यायचो. सुपारी मला आवडत नाही.

पेडगावला नात्यातलं लग्न होतं. ती म्हणाली, "अहो, येष्टीनं जाऊ, ऊन लय हाय." मी म्हणालो, येष्टीच्या नादी कोण लागतंय, मोटारसायकलवर बस. परत येताना मी जेवणावळीला नावं ठेवत होतो. भात कच्चा, वरण पाण्यासारखं, वाढपी आंधळे. ती मागं बसून हसत होती. पट्टे न मारलेला एक गतिरोधक मला दिसलाच नाही. गाडी उडाली, मी हँडल धरून राहिलो अन् ती रस्त्यावर तोंडावर पडली. वरचा समोरचा एक दात मुळापासून गेला. मला खरचटलंसुद्धा नाही.

तेव्हापासून ती तोंडावर हात ठेवून बोलायला लागली. हसू आलं की मान खाली. भजनात जाऊन मागं बसायची अन् नुसत्या टाळ्या वाजवायची, कारण 'शिव' म्हणताना फटीतून हवा निघायची. बायका म्हणायच्या, वैनी, तुमी सांगा की. ही म्हणायची, "दात बसला की सांगते." तिला एवढंच पाहिजे होतं. पुन्हा पुढं बसून भजन सांगायचं, अन् हसताना हात वर न्यावा लागू नये. जगावेगळं काही मागणं नव्हतं ते.

परभणीला दातांच्या एका दवाखान्यात नांदेडचा एक तरुण डॉक्टर दर शनिवारी यायचा. हाडात मूळ बसवून त्यावर दात लावायचा. आम्ही गेलो. त्यानं फोटो काढले, हिरडी बघितली अन् टेबलावर दोन नमुने ठेवले. एक राखी रंगाचा बारीक स्क्रू. दुसरा तसाच, पण पांढराशुभ्र.

"हे टायटॅनियम, धातू," तो म्हणाला. "अन् हे झिर्कोनिया, सिरॅमिक. वरचा दात दोन्हीत पांढराच बसणार. आत हाडात मूळ कशाचं ठेवायचं, एवढाच प्रश्न आहे. धातूचा अनुभव जास्त वर्षांचा आहे, मीही तेच जास्त बसवलेत. पण काकूंची हिरडी पातळ आहे, अन् हसताना ती दिसते. पातळ हिरडीतून धातूची छटा कधीकधी बाहेर मारते. पांढऱ्यात ते होत नाही. बेताचं चावायचं, जपायचं, मग तेही टिकतं. काकू, तुम्हाला काय वाटतं?"

तिनं तोंडावरचा हात काढला. "मला तर पांढरं..." एवढंच म्हणाली.

"तिला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणालो.

हे मी म्हणालो. परक्या पोरासमोर, तिच्याच तोंडात काय बसवायचं याच्यावर. अन् तेवढं म्हणून थांबलो असतो तरी ठीक. मी तो पांढरा नमुना उचलला, खिशातून रुपया काढला अन् त्याच्यावर टकटक वाजवून कानाशी धरला. आमच्या धंद्यात बेसिन असंच बघतात. खणकन वाजलं तर माल चांगला, बद्द वाजलं तर आत कुठंतरी तडा. गिऱ्हाईकासमोर वाजवून दाखवलं की त्याचा भरवसा बसतो.

"बद्द वाजतंय," मी म्हणालो.

डॉक्टर हसला. "काका, करंगळीच्या नखाएवढी वस्तू. ती काय वाजणार?"

"मला सांगू नका. चिनी माती ती चिनी माती. टाचेखाली कमोड फुटताना बघितलाय मी. धातूचंच बसवा."

तीसुद्धा हसली, तोंडावर हात ठेवून. मला वाटलं, पटलं तिला. घरी येताना मी बसमध्ये शेजारच्या माणसालासुद्धा रुपया वाजवल्याचं सांगितलं.

पुढच्या शनिवारी बसवायचं ठरलं. खुर्चीवर बसता बसता ती हळूच म्हणाली, "अहो, आज शनिवार हाय. तुमी शनिवारी घरात खिळासुद्धा आणत न्हाई. अन् माझ्या तोंडात लोखंड बसवायलात."

खरं होतं. शनिवारी लोखंड घ्यायचं नाही, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत. त्या दिवशी मी लोखंडाची गाडी उतरवून घेत नाही. ड्रायव्हर कितीही बोंबलू दे, रविवारी ये म्हणतो. आज कळतं की ती शेवटचा उपाय करत होती. माझं मन तिला वळवता येत नव्हतं म्हणून तिनं माझाच नेम पुढं केला. मी मानलं असतं तर तिला म्हणता आलं असतं, मग पांढरं बसवा, त्याला शनिवार आड येत न्हाई.

मी म्हणालो, "हे लोखंड न्हाई. टायटॅनियम हाय. गप बस."

तिनं डोळे मिटले अन् तोंड उघडलं.

चार महिने हाड धरेपर्यंत थांबायचं होतं. तोवर काढघालीचा एक दात दिला होता, तो बोलताना सुटायचा. एकदा पोळी खाताना निघून ताटात पडला, तर ती उठून आत गेली अन् अर्धं जेवण तसंच राहिलं. पण दिवस मोजायची. भजनाच्या बायकांना सांगून ठेवलं होतं, श्रावणात पहिल्या सोमवारी मी सांगते. नवीन टाळ घेतले. संध्याकाळी स्वयंपाक करताना ओठ मिटून चाली गुणगुणायची.

वरचा दात बसला तेव्हा डॉक्टरनं आरसा दिला. दात सुरेख होता, शेजारच्यापासून वेगळा ओळखू येत नव्हता. पण त्याच्या वर हिरडीत एक करडी रेघ दिसत होती. ओठ वर गेला तरच दिसायची. म्हणजे हसलं तरच. तिनं आरशात हसून बघितलं, पुन्हा एकदा हसून बघितलं अन् आरसा परत दिला. "छान झालं," म्हणाली. डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं बघितलं.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी ती पुढं बसली. मी बोळात होतो, सुपारी हातात. तिचा आवाज आला. पहिला अभंग झाला, दुसरा झाला. मला इतकं बरं वाटलं की पानपट्टीवाल्याला म्हणालो, ऐका, आमच्या घरचा आवाज. मग आवाज मध्येच थांबला. दुसरीच कुणी सांगायला लागली.

ती घरी आली ती सरळ मोरीत गेली अन् चूळ भरत राहिली. मग तोंड पुसत सांगितलं. दुसरा अभंग संपता संपता शेजारची एक बाई कौतुकानंच वाकून म्हणाली होती, वैनी, हे काळं काय हिरडीला? मिसरी लावायला लागलात का? बाकीच्या हसल्या. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण गळ्यात लिंग असलेली बाई, तंबाखू जाळलेली मिसरी घासते, अन् देवाचं नाव घेते, असं देवळात सगळ्यांसमोर निघालं. तिनं सांगितलं, न्हाई हो, धातूचं हाय ते आतलं. तर दुसरी म्हणाली, असू द्या, सवय लागते बाईला, आमी कुणाला सांगत न्हाई.

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "हसतील त्यांचे दात दिसतील! आपण कशाला मनावर घ्यायचं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. म्हण तोंडातून गेल्यावर मला कळलं मी कुणाला काय म्हणालो ते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तरी माफी मागितली नाही. वर म्हणालो, दात तर पक्का हाय ना? भाकरी चावती ना? झालं तर मग.

ती पुन्हा भजनाला गेली नाही. टाळ कोनाड्यात राहिले. हसायची, पण ओठ मिटून, नाकातल्या नाकात. नात फोनवर काही गमतीचं सांगायची तर ही फोनचा कॅमेरा छताकडं करायची. मुलीनं एकदा विचारलंच, आई, तुला पांढरं पाहिजे होतं ना, मग धातूचं कुणी ठरवलं? मी पलीकडच्या खोलीत होतो. ही म्हणाली, "आपलेच दात अन् आपलेच ओठ, बाई. कुणाला काय म्हणावं?"

त्या शनिवारी मी एकटाच परभणीला गेलो. म्हणालो, डॉक्टर, ते काढा अन् पांढरं बसवा. तो म्हणाला, काका, आता हाडानं घट्ट धरलंय. काढायचं तर हाड कोरावं लागेल, परत वर्षभराचं काम. टाळूची थोडी कातडी घेऊन हिरडी जाड करता येईल, रेघ झाकेल बहुतेक. मी घरी येऊन तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच तिला विचारलं, तुला काय पाहिजे?

"आता कशाला?" ती म्हणाली. "ते तरणं डॉक्टर अजून चिरफाड करील. माझं तोंड सुजल. राहू द्या, पक्का हाय की तुमचा दात."

टोमणा असता तर बरं झालं असतं. ती खरंच माझी समजूत घालत होती. अन् मी, मनात कुठंतरी, सुटलो म्हणून निवांत झालो. पुन्हा विषय काढला नाही. दोनदा, तीनदा, दहादा विचारायला पाहिजे होतं. गिऱ्हाईकाला नको असलेला माल गळ्यात मारताना माझं तोंड दिवसभर चालतं.

मागच्या पौषात सकाळी चहा ठेवता ठेवता तिच्या छातीत कळ आली. ओट्याला टेकून खाली बसली. मी आत जाईपर्यंत संपलं होतं. चहा उतू जात होता, मी आधी गॅस बंद केला. का केला कोण जाणे.

आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. आंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून बसवतात अन् डाव्या तळहातावर लिंग ठेवतात. बसलेलं माणूस, चेहरा उघडा, सगळे समोरून दर्शन घेतात. तिचे ओठ थोडे विलग राहिले होते. भजनाच्या बायका आल्या, टाळ घेऊन. सांगणारी कुणीच नव्हती, सगळ्या नुसत्याच झेलत होत्या. मिसरीचं म्हणालेली बाई माझ्या पायाशी बसून रडली. मी तिला काय म्हणणार? तिनं एकदाच विचारलं होतं, धातू तर मी बसवला होता.

खड्ड्यात तिला बसवलं. बेलाची पानं टाकली, विभूती टाकली. विधी करणारे स्वामी म्हणाले, शरीर मातीचं, मातीला मिळालं. सगळ्यांनी हात जोडले. मला जोडता येईनात. तिचं सगळं मातीला मिळेल. हाडंसुद्धा मिळतील एक दिवस. तो स्क्रू मिळणार नाही. तो गंजत नाही, झिजत नाही, मीच निवडलाय. तिला नको असलेली ती एकच वस्तू मी तिच्यासोबत कायमची पुरून आलो.