हार्लनने न केलेली दुरुस्ती

सॅमन गावात बंदुकीचं काहीही बिघडलं की लोक हार्लन प्रुएटकडे जायचे. दुसरं दुकानच नव्हतं. मग लढाईवरून परतलेल्या व्हर्ल टँडीने नदीपलीकडे गॅरेजात लेथ बसवून बंदुकांची कामं घ्यायला सुरुवात केली आणि हार्लनच्या पोटात दुखायला लागलं. व्हर्लने रस्त्यात हात हलवला की हा बुटाची नाडी बांधायला वाकायचा.

त्यात डेलबर्ट ऑस्ट्रमची भर पडली. डेलबर्ट त्याचा शाळेपासूनचा मित्र. वडिलांची एकबारी रायफल घेऊन तो आधी हार्लनकडेच आला होता. नळी तीच ठेवायची, फक्त काडतूस बसतं ते चेंबर मोठं कापायचं, म्हणजे जास्त दारूचं लांब काडतूस मावेल आणि दरीपलीकडचं एल्क हरीण टप्प्यात येईल, एवढंच त्याचं म्हणणं.

"तिला झेपायचं नाही ते," म्हणत हार्लनने त्याला उडवून लावलं. खरं तर असलं काम त्याने कधी केलंच नव्हतं.

डेलबर्टने ते व्हर्लकडून करून घेतलं. शिकारीच्या हंगामाच्या तोंडावर रायफल घेऊन पुन्हा हार्लनकडे आला. "तू एकदा बघ ना. तुझ्या नजरेखालून गेलं की मला बरं."

हार्लनने गंधक वितळवून चेंबरमध्ये ओतलं, आतला ठसा काढला, मापं घेतली. मग दिव्याखाली धरून आत पाहिलं. खोट शोधून डोळे दुखले, पण चेंबर आरशासारखं, साधा ओरखडाही नाही. त्याचा असा जळफळाट झाला की रात्री जेवण गेलं नाही.

"चेंबर मागे सैल राहिलंय," दुसऱ्या दिवशी त्याने डेलबर्टला सांगितलं. "उडवलीस तर तोंडावर येईल. ठेव माझ्याकडे."

हंगामाचा पहिला आठवडा रायफल त्याच्या भिंतीला टेकून होती. त्याने फक्त लाकडाला तेल लावलं आणि ती परत दिली. डेलबर्टने दरीपलीकडचा एल्क पाडला आणि कॅफेत सगळ्यांसमोर हार्लनच्या पाठीवर थाप मारली. "त्या पोराने वाट लावली होती, याने निस्तरलं!"

क्षणभर हार्लनला बरं वाटलं. मग त्याने समोरची बशी बाजूला सारली. कौतुक चाललं होतं ते व्हर्लच्या हाताचं.

लोक नदीपलीकडे जायचे थांबले. एके दुपारी व्हर्लच दुकानात आला. टोपी हातात.

"मिस्टर प्रुएट, माझं काय चुकलं ते दाखवाल? पुन्हा नको व्हायला."

एखादी थाप मारता आली असती. हार्लनने खणातून गंधकाचा ठसा काढून त्याच्यापुढे ठेवला. "काही चुकलं नव्हतं. चेंबरला मी हातही लावला नाही."

व्हर्लने ठसा बोटांत फिरवून पाहिला. "मग तसं का सांगितलंत?"

"मला जमलं नसतं म्हणून."

"डेलबर्टला तुम्ही सांगताय, का मी सांगू?"

हार्लननेच सांगितलं, कॅफेत, सगळ्यांदेखत. डेलबर्ट आधी हसला, मग हसेना. "आठवडाभर मला घरी बसवलंस, हार्लन. माणसाने विचारावं तरी कुणाला?"

दोघांचं बोलणं तुटलं नाही. पण वसंतात डेलबर्ट बायकोची शॉटगन घेऊन पुलावरून पलीकडे जाताना हार्लनला खिडकीतून दिसला. चूक आपलीच, हे त्याला कळत होतं. तरी पोटात तस्संच दुखलं.