उजवी दाढ आणि आक्कांची मशेरी

"ही दाढ आता राहणार नाही," मस्कतच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एक्स-रेवर पेनाचं टोक टेकवून त्यांनी मला एक बारीक रेघ दाखवली. खालची उजवी दाढ मुळापर्यंत चिरली होती. कारण काय, तर खजुराची बी. मी गेले होते लेकीच्या, सुजाताच्या बाळंतपणाला. तिच्या लाडवांसाठी आणलेला खजूर उभ्या उभ्या तोंडात टाकला आणि कट्कन आवाज आला. हावरटपणाला इतकी रोख शिक्षा मी पहिल्यांदाच पाहिली.

त्या दाढेच्या मागची दाढ मी पूर्वीच काढून टाकली होती. मागे आधार नाही म्हटल्यावर ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला पूल, बसणार नव्हता. बाईंनी दोन डेंटल इम्प्लांट सुचवले. सुजाता त्याच दवाखान्यात नर्स आहे, तिनं तिथल्या तिथं होकार देऊन टाकला.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचा टायटॅनियम धातूचा बारीक स्क्रू. तो बसवला की तीन-चार महिने हिरडीखाली झाकून ठेवतात. तेवढ्या काळात हाड त्याला हळूहळू घट्ट धरतं. त्याला ऑसिओइंटिग्रेशन म्हणतात. मग त्यावर क्राउन, म्हणजे दाताच्या आकाराची टोपी, चढवतात. सुजातानं तो लांबलचक शब्द मला वहीत लिहून दिला, पण माझ्या तोंडात तो आजही बसत नाही. मी त्याला मूळ धरणं म्हणते. आवणात, म्हणजे खाचरात, भाताचं रोप लावलं की ते मूळ धरेपर्यंत त्याला कुणी ओढून बघत नाही, तसंच हे.

आता माझी चूक सांगते. हे सगळं लिहायला बसले ते त्या चुकीसाठीच.

ऑपरेशनच्या आधी बाईंनी मोडक्या हिंदीत विचारलं, सिगरेट? तंबाकू? पान? सुजाता बाहेर बाळाला पाजत बसली होती. मी तिन्हींना नाही म्हणाले. बाईंनी माझ्या दातांचा काळपटपणा बघून विचारलं, चहा फार पिता का? मी हो म्हणाले. खरं तर मी पंधराव्या वर्षापासून मशेरी लावते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटानं हिरड्यांवर फिरवत बसायची. तरीही मी खोटं बोलले असं मला तेव्हा वाटलं नाही. तंबाखू खातात ती पुरुषमाणसं. आम्ही बायका दात घासतो. मी तीस वर्षं आमच्या गावात, लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यात, अंगणवाडीसेविका होते, गरोदर बायकांना व्यसनांचा तक्ता दाखवत होते. त्या तक्त्यावर विडी होती, सिगारेट होती, गुटखा होता. मशेरी नव्हती, आणि ती नाही याचा मला आनंदच होता.

शिवाय माझी बाजू भक्कम होती. माझ्या बॅगेतली डबी सुजातानं दुसऱ्याच दिवशी कचऱ्यात टाकली होती. म्हणजे अडीच महिने माझं तोंड कोरं होतं. घरी जाताना तिनं विचारलं, "आई, सगळं खरं सांगितलंस ना?" मी मान हलवली. तोंडात कापसाचा बोळा असण्याचा तेवढा एक फायदा असतो.

ऑपरेशनचं मला फारसं आठवत नाही. गाल बधिर, वर पांढरा दिवा, पांढऱ्या भिंती आणि कुठेतरी लांब यंत्राची घुंईघुंई. दुखलं नाही. घरी जाताना गाडीतून समुद्र दिसत होता, आणि तो माझ्या गालाच्या आत हलतो आहे असं मला वाटत होतं. पहिले चोवीस तास थुंकायचं नाही, जोरात चूळ भरायची नाही, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही. जखमेवर रक्ताची गुठळी धरते, ती सुटू द्यायची नाही. ज्या बाईनं जन्मभर जेवण झालं की खळखळून चूळ भरली तिला ही शिक्षा किती मोठी, ते आपल्याकडच्या माणसांनाच कळेल. मी बेसिनपाशी उभी राहून तोंडातलं पाणी नुसतं ओघळू द्यायचे.

आठवड्यानं मी विमानात बसले. व्हिसा संपला होता, टाके आपोआप विरघळणारे होते आणि पुढचे एक्स-रे लोणावळ्यात काढून पाठवायचे असं ठरलं होतं.

श्रावण संपत आला होता. लोणावळ्याहून कुरवंड्याला येताना रस्ता, झाडं, बंगल्यांच्या भिंती काहीच दिसत नव्हतं. सगळं धुकं. एका पांढऱ्यातून निघून मी दुसऱ्या पांढऱ्यात येत होते, मध्ये माझं गाव होतं की नव्हतं कुणास ठाऊक. घरात आले तर ढगही माझ्याबरोबर आत आले आणि पलंगाभोवती फिरत राहिले.

ते पहिले दिवस मी अर्धवट झोपेतच काढले. आमचे हे लोणावळ्यात एका बंगल्यावर राखणदार आहेत, सकाळी जातात ते दिवस मावळताना येतात. तोवर घरात मी आणि धुकं. गार आटवल भात, म्हणजे मऊ गिजगा शिजवलेला, खायचा, मिठाच्या कोमट पाण्यानं हलकेच गुळणी करायची, गोळी घ्यायची आणि पडून राहायचं. डोळा लागला की मस्कतचं अंगण दिसायचं, बाळाच्या टाळूचा वास यायचा. जाग आली की पागोळ्या ऐकू यायच्या आणि नेमकं काय खरं हे ठरवायला थोडा वेळ लागायचा. तोंड माझं वाटतच नव्हतं. कुणीतरी आत राहायला आलंय, त्याला त्रास नको म्हणून मी हळू बोलत होते. ह्यांनी आठ दिवस माझ्याबरोबर आटवल भातच खाल्ला. विचारलं तर म्हणाले, मला आवडतो. त्यांना अजिबात आवडत नाही.

या सगळ्यात तिसऱ्या दिवशी सकाळी आक्का आल्या.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. दीर गेल्यापासून एकट्याच असतात, मूलबाळ नाही. पस्तीस वर्षं रोज सकाळी आम्ही दोघी मागच्या दाराच्या पायरीवर बसून मशेरी लावत आलो. त्यात बोलणं नसतं, तोंडात बोट असतं ना. समोर डोंगर असला तर डोंगर बघायचा, धुकं असलं तर धुकं. सासू वारल्या त्या सकाळी, सुजाता परदेशी गेली त्या सकाळी, आम्ही दोघी तिथंच होतो. माझ्या आयुष्यात माहेर सोडून दुसरी कुठली जागा माझी असेल तर ती पायरी.

आक्कांनी पदराखालून नवी डबी काढली. माझ्यासाठी ताजी भाजलेली. "लय दिस एकटीच बसते," एवढंच म्हणाल्या.

मी काय करायला हवं होतं ते आता मला पाठ आहे. तेव्हा मी असा विचार केला की स्क्रू उजवीकडे आहेत, मशेरी डावीकडे लावू. एकाच तोंडात मी सरळ वाटणी करून टाकली. उजवीकडे मस्कत, डावीकडे कुरवंडे. आणि लाळ ही वाटणी मानत नाही, हे तीस वर्षं अंगणवाडी चालवलेल्या बाईला सुचलं नाही.

महिन्याच्या आत उजवी हिरडी लाल झाली. घास चावताना रक्त यायला लागलं. एक्स-रेची वेळ आलीच होती, म्हणून लोणावळ्याला गेले. तिथले डॉक्टर तरुण, माझ्या सुजाताच्या वयाचे. त्यांनी आरसा तोंडात घातला आणि दुसऱ्या क्षणाला विचारलं, "मावशी, मशेरी लावता ना?"

मी म्हणाले, डाव्या बाजूला.

ते हसले नाहीत. आरसा बाजूला ठेवून म्हणाले, "माझी आईपण लावते, म्हणून विचारलं. मशेरी म्हणजे तंबाखूच. तंबाखूनं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्त पोचलं नाही तर हाड स्क्रूला धरणार कसं?" मग एक्स-रेवर त्यांनी मागच्या स्क्रूभोवतीची काळी सावली दाखवली. याला पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात, म्हणजे स्क्रूभोवतीची हिरडी सुजते आणि हाड झिजायला लागतं. पुढचा अजून बरा होता. आजपासून बंद केलीत तर कदाचित दोन्ही राहतील, कदाचित एक, दिवाळीनंतर बघू, असं ते म्हणाले. शब्द देता येत नाही, असंही म्हणाले.

सुजाताला फोनवर सांगितलं तेव्हा तिनं आधी सगळं ऐकून घेतलं. मागे बाळ हुंकार देत होतं. मग म्हणाली, "आई, मी तुला विचारलं होतं." ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

आक्कांना सांगणं त्याहून अवघड होतं. दुसऱ्या सकाळी त्यांनी डबी पुढे केली तेव्हा मी सगळं सांगितलं. माझं हाड झिजलंय, डॉक्टरांनी मशेरी बंद सांगितलीय. आक्कांचं बोट डबीतच राहिलं.

"मंजी म्या तुजं हाड खाल्लं व्हय?" त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. त्यांच्या मागच्या दाराची कडी वाजलेली मला ऐकू यायची, मग तव्यावर भाजल्याचा वास भिंतीवरून यायचा आणि माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. डोकं ठणकायचं, हात उगाच पदराशी चाळा करायचे. मी पायरीवर एकटीच बसायचे, धुकं अगदी गुडघ्यापर्यंत यायचं, आणि शेजारी कुणी बसलंय असं वाटून मी मान वळवायचे. खरं सांगते, त्या दिवसांत दोन्ही स्क्रू काढून टाकावेत असं कितीदा तरी मनात आलं. दाढेशिवाय माणूस जगतो. आक्कांशिवायची सकाळ मला जमत नव्हती.

माझी खरी कसोटी दाढेची नव्हती, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. स्क्रूंचं काय झालं ते आधीच सांगून टाकते. दिवाळीनंतर मागचा काढावा लागला. तो इतका सुटला होता की अर्ध्या मिनिटात हातात आला. पुढच्यानं मूळ धरलं. त्याच्यावर आता टोपी आहे आणि त्या बाजूनं मी भाकरी खाते. मस्कतच्या बाईंना मी सगळं कळवलं. त्यांनी उलट निरोप पाठवला की यापुढे भारतातून आलेल्या प्रत्येक बाईला त्या मशेरीचं नाव घेऊन विचारतील. तुम्हीही कुणी विचारायची वाट बघू नका. डॉक्टरांनी तंबाखू म्हटलं की आपण मशेरी म्हणायचं. एवढा एक शब्द मी वेळेवर उच्चारला असता तर माझी दुसरी दाढही आज जागेवर असती.

पण मला लिहायचं आहे ते भादवा सरतानाच्या एका सकाळबद्दल.

आक्का यायच्या बंद होऊन अकरा दिवस झाले होते. मी पायरीवर होते. धुक्यातून त्या आल्या आणि शेजारी बसल्या. हातात डबी नव्हती. लुगड्याला साबणाचा वास येत होता.

"म्या घरीच लावली," त्या समोर बघत म्हणाल्या. "चार चुळा भरल्या. तुला वास न्हाई यायचा."

सत्तरीच्या बाईनं पहाटे उठून, एकटीनं मशेरी लावून, तोंड धुऊन यायचं, का तर माझ्या शेजारी बसता यावं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आक्कांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो मोकळा होता म्हणून ठेवता आला.

मग आम्ही बराच वेळ तशाच बसलो. तोंड रिकामं असताना गप्प बसणं फार जड जातं, हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. शेवटी मीच विचारलं, आक्का, तुम्हाला मशेरी कुणी लावली?

त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला आधी अर्थच लागला नाही. लग्नाला दोन वर्षं झाली होती. पोरगा झाला, चौथ्या दिवशी गेला. आक्का रडायच्या थांबेनात. तेव्हा सासूबाईंनी बोटावर मशेरी घेतली आणि त्यांच्या तोंडात घातली.

"म्हनल्या, लाव, गप ऱ्हाशील," आक्का म्हणाल्या. "ऱ्हायले मग. कुनी इचारलंच न्हाई."

पस्तीस वर्षं मी त्यांच्या शेजारी बसत होते. आक्कांना मूल झालं नाही, असंच मी धरून चालले होते. वर मला पोर झाल्यावर त्यांनी किती कौतुकानं न्हाऊमाखू घातलं, ते माणसांना सांगत सुटले होते.

त्या सकाळी आक्का बोलत राहिल्या. पोराचे कान कसे होते, केस किती होते. समोरचं धुकं हळूहळू वर उचललं, डोंगर दिसला, पुन्हा झाकला गेला, आणि त्या बोलतच होत्या. आम्हाला दोघींनाही चहाची आठवण झाली नाही. बारशाआधीच गेलं म्हणून त्याला नाव नाही, असं तेव्हा घरातले म्हणाले होते. पण आक्कांनी मनातल्या मनात एक ठेवलं होतं. कुणालाही न सांगितलेलं ते नाव त्यांनी मला सांगितलं, आणि मी ते त्यांच्यासमोर मोठ्यानं उच्चारलं. इथे लिहीत नाही. ते ऐकताना आक्कांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, "आनि यकदा म्हन."