दादा आणि तिवरं

श्रावणातल्या अमावास्येच्या भरतीला बाहेरकाठा फुटला आणि खाडी आमच्या शेतात आली. बाहेरकाठा म्हणजे खाडी आणि भातशेती यांच्यामधला मातीचा बांध. गडबच्या खाडीकडच्या अंगाला आमचं गाव. बांध होता म्हणून भात होतं. निरोप गेला तेव्हा दादा रोह्याला वर्गावर होता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. विज्ञान शिकवायचा, कासूहून गाडीने रोह्याला जायचा. स्टेशनाच्या वाटेवर एखादं झाड आवडलं की थांबून पानावर फुंकर घालायचा आणि म्हणायचा, "घे, जेव." आई म्हणायची, "घरातल्यांना विचारत नाय जेवलात काय, झाडांना विचारतो."

दरवर्षी तो वर्गात कुंडीतली माती वाळवून तोलायचा आणि तीत वाल लावायचा. शेंगा धरल्या की वेल काढून माती पुन्हा वाळवून तोलायचा. वजन जवळजवळ तेवढंच भरायचं. मग हा एवढा वेल आला कुठून, असं तो विचारायचा. मुलं म्हणत खतातून, कुणी म्हणत पाण्यातून. तो सगळ्यांना बोलू द्यायचा. "हवेतून रे," तो शेवटी सांगायचा. "तुम्ही सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पान घेतं, उन्हाच्या जोरावर पाण्याशी सांधतं, साखर करतं. त्याच साखरेचं खोड, तिचाच दाणा. आपण हवाच खातो, फक्त भातानं आधी शिजवून दिलेली."

हे तो गावातही सांगायचा. त्यामुळे खारं पाणी शिरून भात पिवळं पडलं तेव्हा आमचा चुलतभाऊ दामू सगळ्यांदेखत म्हणाला, "सर, हवा तर हाय तेवढीच. मग भात का मरतंय?"

हा टोमणा होता. दादाला टोमणा कळायचा नाही, त्याला तो प्रश्नच वाटायचा. त्यानं एक रोप उपटून हातात घेतलं. मुळांना खारं पाणी ओढवत नाही, असलेलं पाणी जाऊ नये म्हणून पान आपली बारीक तोंडं मिटून घेतं, असं त्यानं समजावलं. "हवा हाय, ऊन हाय, पण तोंड मिटलंय. भरल्या ताटावर उपाशी मरतंय, दामू."

गावानं माती, दगड, पेंढा घालून बांधाला पडलेली खांड बुजवली. पुढच्या उधाणानं ती भर वाहून नेली. पावसाळा गेला आणि चिखलात तिवराची, म्हणजे खारफुटीची, रोपं दिसू लागली. तिवराच्या बिया भरतीबरोबर येतात आणि जिथं पाणी सोडून जाईल तिथं रुजतात. दामू म्हणाला, आताच उपटू, हातानं निघतील. दादा बांधावर बसून ती हिरवी पानं बघत होता.

"राहू दे वर्षभर," तो म्हणाला. "बांध झाला की काढू. तवर या जमिनीवर कुणीतरी जेवतंय, जेवू दे."

बांध त्या वर्षी झाला नाही, पुढल्याही वर्षी नाही. दादा कचेऱ्यांत खेटे घालत राहिला. मी पेणच्या एका वाचनालयात काम करते, त्याचे अर्ज मीच लिहून द्यायची. अर्जांतलं मराठी चांगलं होतं, एवढंच. शेवटी एक साहेब येऊन पाहून गेले. भले माणूस होते. म्हणाले, आता इथं तिवरांचं रान आहे, त्यांना कायद्यानं हात लावता येत नाही, आणि त्यांच्यातून यंत्र नेल्याशिवाय बांध बांधता येत नाही. ती झाडं हवेतला किती कार्बन चिखलात साठवतात, हेही त्यांनी दादाला सांगितलं. दादानं मान हलवली. तो हे मुलांना कित्येक वर्षं सांगत आला होता.

त्या संध्याकाळी आई पडवीत तांदूळ निवडत होती. विकतचे होते. दादानं साहेबांचं म्हणणं तिला सांगितलं. झाडांचा काही दोष नाही, तीही भातासारखीच हवा खातात, असंही सांगितलं.

आई म्हणाली, "हवा खाऊ दे रं. ती कुणाच्या बापाची नाय. माझं शेत कशाला खाल्लं?"

दादाजवळ कुठल्याही प्रश्नाला उत्तर असायचं, नसेल तर तो शोधून आणायचा. त्या दिवशी तो आईजवळ बसून तिच्या सुपातले खडे वेचू लागला. मी दिवा लावला.

त्यानंतर तो शेताकडे जाईनासा झाला. गेल्या पौषात शाळेतून येताना कासूच्या फलाटावर बसला तो उठला नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. दामूनं खांदा दिला. ती रोपं उपटायला हवी होती, असं दामू तेव्हा म्हणाला नाही, नंतरही कधी म्हणाला नाही.

शेत अजून आमच्या नावावर आहे. तिथं माणसापेक्षा उंच तिवरं आहेत. बांध झालेला नाही. घरात आई आहे आणि मी आहे. तांदूळ आम्ही बाजारातून आणतो.